टोपातले लांडगे आणि फौजदार

विज्ञान प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी, ऐन जेवणाच्या सुट्टीत, शाळेची स्वयंपाकीण निलम्मा टेबलाखाली शिरली आणि बाहेर यायला तयार होईना. डोक्यावर भलामोठा काळा टोप, त्यातून निघालेली वायर टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडलेली, आणि तोंडाने एकामागून एक देवांची नावं. बाहेर दीडशे पोरं ताटं वाजवत खिचडीची वाट बघत होती. निलम्माचं म्हणणं एवढंच होतं की लांडगा अजून समोरच उभा आहे, तो गेला की ती लगेच वाढायला येते.

"टोप काढा की निलम्माक्का," रेणू टेबलापाशी उकिडवी बसून म्हणाली. "टोप काढला की लांडगा जातो."

"आणि न्हाई गेला तर?" टेबलाखालून प्रश्न आला.

या प्रश्नाला नववीच्या पुस्तकात उत्तर नव्हतं. शेवटी रेणूने कॉम्प्युटरच बंद केला, लांडगा अंधारात विरला, आणि निलम्मा पदर सावरत बाहेर आली. जाताना मात्र तिने हातातला तुरीचा दाणा रेणूच्या बरणीत टाकला. भीती वाटली ती वाटली, पण अशी भीती तिला लग्नानंतर प्रथमच वाटली होती म्हणे.

हा टोप ठाणाकुशनूरला आला तो रेणूच्या भावाबरोबर. सिद्धराम हैदराबादला एका मॉलमधल्या गेमच्या दुकानात कामाला होता. दुकानात नवे टोप आले तेव्हा जुना मोडका टोप मालकाने त्याला देऊन टाकला. त्याने तो दुरुस्त केला, घोंगडीत गुंडाळून संक्रांतीला गावी आणला, शाळेच्या कॉम्प्युटरला जोडला, दोन दिवसांत रेणूला सगळं शिकवलं आणि सुट्टी संपताच परत गेला. टोप घातला की डोळ्यांसमोर हिरवागार माळ उभा राही. मान डावीकडे वळवली की डावीकडचा माळ, वर केली की आभाळ. माळावर मेंढ्या चरत असत, आणि जरा वेळाने चारी बाजूंनी लांडगे येत. हातात एक दांडी, तिच्यावरचं बटण दाबलं की ठिणग्या उडायच्या आणि लांडगे पळायचे. पळाले तर.

"व्हर्च्युअल रिअॅलिटी म्हणजे आभासी वास्तव," रेणू प्रत्येक येणाऱ्याला सांगत होती. "आपण जिथं न्हाई तिथं आपण हाओत असं वाटतं." आता हीच रेणू जून महिन्यापर्यंत कुणी नाव विचारलं तर आपल्या पायाच्या अंगठ्याला उत्तर द्यायची. पण दोन दिवसांत तिने हेच वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं की तिला आपला आवाज आवडायला लागला होता. नुसता आवडायला नाही, तो आणखी लांब जावा असं वाटायला लागलं होतं.

आणि लांब जायची सोय होती. ज्या टेबलाच्या बरणीत सगळ्यांत जास्त दाणे, ते टेबल बिदरच्या जिल्हा प्रदर्शनात जाणार होतं. तीन दिवस बिदर. मोठा हॉल, आणि हॉलमध्ये माइक. रेणूने बिदर आजवर एकदाच पाहिलं होतं, तेही दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत आ वासून. त्यामुळे बिदरचं छत तिला चांगलं पाठ होतं, बाकी काही नाही.

टोपाची खरी गंमत मात्र टोप घालणाऱ्यापेक्षा बाहेर उभं राहणाऱ्यांना जास्त होती. आत एकालाच दिसायचं. बाकीच्यांना दिसायचा तो फक्त हवेत हात मारणारा, वाकणारा, ओरडणारा माणूस. मुख्याध्यापक वीरभद्रप्पा सर टोप घालून उभे राहिले आणि लांडगे येताच सवयीने त्यांना रांगेत उभं राहायला सांगू लागले. एक लांडगा ऐकेना तेव्हा त्याला वर्गाबाहेर जायला सांगितलं. हे बघायला अख्खं गाव लोटलं होतं.

अडचण एकच होती. समोरच्या टेबलावर अंजू बसली होती.

अंजू म्हणजे हणमंतरावांची पोरगी. हणमंतरावांचं बसस्टँडजवळ दुकान, शाळेच्या मागे शेत. अंजू आणि रेणू पाचवीपासून एका बाकावर बसत, एकाच डब्यातलं खात, आणि प्रदर्शन जाहीर झाल्यापासून एकमेकींशी फक्त सरांमार्फत बोलत होत्या. अंजूचा मामा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याने भाचीला आपला जुना मोठ्या पडद्याचा फोन दिला होता आणि एक काळ्यापांढऱ्या चौकटींचं कार्ड. कार्डाकडे फोन धरला की फोनच्या पडद्यावर त्या कार्डावर वीतभर वाघ उभा राही. वाघ शेपटी हलवी, फिरे, जांभई देई. आसपास आपलंच टेबल, आपलाच हात, आपलीच शाळा.

"ही ऑगमेंटेड रिअॅलिटी," अंजू टोपाच्या रांगेकडे बघत मोठ्याने सांगायची. "हिच्यात डोळे बांधून घ्यावं लागत न्हाई. आपन कुठं जायचं न्हाई, वाघच आपल्या घरी येतो. आणि सगळ्यायला दिसतो, एकट्याला न्हाई."

ती कार्ड कुठेही चिकटवायची. पाण्याच्या घागरीवर वाघ, नकाशातल्या कर्नाटकावर वाघ, वीरभद्रप्पा सरांच्या तळहातावर वाघ. सरांनी तर तळहात बराच वेळ तसाच ठेवला होता. त्यामुळे तिचीही बरणी भरत होती.

बरण्यांची युक्ती वीरभद्रप्पा सरांची. आदल्या वर्षी चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, तर गावच्या पटावर जेवढी माणसं नाहीत तेवढ्या चिठ्ठ्या निघाल्या. या वर्षी सरांनी फाटकावरच प्रत्येकाच्या हातात एकेक तुरीचा दाणा ठेवायचं ठरवलं. जे टेबल आवडेल त्याच्या बरणीत दाणा टाकायचा. आता जानेवारी महिना, तुरीची रास नुकतीच झालेली, घराघरात पोती. घरून कुणी खिसा भरून आणला तर? म्हणून सरांनी दाणे हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवले. पिवळा दाणा खरा, बाकी खोटा. निवडणूक आयोगालाही सुचलं नसतं असं सर स्वतःच दोनदा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला दोन्ही प्लास्टिकच्या बरण्यांत पिवळी तूर अगदी एकाच उंचीला आली होती. हणमंतरावांनी पट्टी लावून बघितलं. पाच वाजता बिदरचे परीक्षक काशप्पा सर येणार, मग मोजणी. गावातलं यायचं ते माणूस येऊन गेलं होतं. राहिला होता फक्त एक जण, आणि तो नेमका रेणूचा बाप होता.

अप्पारावांना तीन दिवस वेळ मिळाला नव्हता याला कारण हणमंतरावच. तुरीचं रान मोकळं झालं की शेतकरी मेंढरांचा कळप आपल्या रानात बसवायला बोलावतात. मेंढरं रात्रंदिवस तिथे राहतात, रानाला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य. तर हणमंतरावांच्या शाळेमागच्या रानात अप्पारावांची एकशे दहा मेंढरं जाळीच्या कुंपणात बसली होती. राखणीला अप्पाराव आणि त्यांची बायको बाणूबाई. आणि कळपाचा म्होरक्या फौजदार.

फौजदार हा एडका, म्हणजे मेंढा. जन्मला त्याच दिवशी त्याची आई गेली, म्हणून रेणूने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवला. तेव्हापासून तो रेणूच्या मागे शेळीसारखा चाले आणि बाकी सगळ्या जगाला, विचारपूस न करता, धडक देई. नाव त्यावरूनच पडलं होतं.

पावणेपाचला अप्पाराव बाणूबाईवर कळप सोपवून शाळेत आले. खांद्यावर घोंगडी, मुठीत दाणा. माणसं बाजूला झाली. गावात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, की या माणसाने पंचांसमोर सख्ख्या मेव्हण्याच्या विरुद्ध साक्ष दिली होती आणि मग त्याच्याच घरी जेवायला बसला होता. रेणूने बरणी उगाचच पुसायला घेतली. त्यात सिद्धराम मेंढरं सोडून हैदराबादला गेला तेव्हापासून अप्पाराव 'गेम' हा शब्द पायात काटा मोडल्यासारखा उच्चारत.

"मी दाणा लेकीला देणार न्हाई," त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "कामाला देणार."

आधी ते अंजूच्या टेबलाकडे गेले. वाकून फोनात बघितलं. वाघाने जांभई दिली.

"खातो काय ह्यो?"

"काई न्हाई काका."

"मग कशाचा वाघ," असं म्हणून ते रेणूकडे वळले. हणमंतरावांनी पट्टी खिशात घातली.

अप्पारावांनी डोक्याचा रुमाल सोडून रेणूकडे दिला, दाणा मुठीत तसाच ठेवला आणि टोप घातला. रेणूने बटण दाबलं. लोक गमतीसाठी सरसावून उभे राहिले. आता म्हातारा ओरडणार, वाकणार. पण अप्पाराव नुसते उभे राहिले. सावकाश डावीकडे बघितलं, सावकाश उजवीकडे.

"गवत बरं हाय," ते म्हणाले. मग बोट हवेत टोचत राहिले. "चाळीस मेंढरं. कुनाची हायत ही?"

"कुनाची न्हाईत अप्पा. गेममधली हायत."

"त्यातलं एक लंगडायलंय. मागचा डावा पाय."

रेणू चमकली. तिने हा खेळ शंभरदा खेळला होता, सिद्धरामने हजारदा. आतल्या मेंढ्यांकडे आजवर कुणीही बघितलंच नव्हतं, सगळे लांडग्यांची वाट बघत असत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिने निरखून पाहिलं. खरंच, कोपऱ्यातली एक मेंढी लंगडत होती.

तेवढ्यात लांडगे आले.

इथे सांगायला हवं की आजवर टोप घातलेल्या प्रत्येकाने लांडगे बघून स्वतःला वाचवायची धडपड केली होती. अप्पारावांच्या सात पिढ्यांत लांडगा दिसल्यावर स्वतःचा विचार कुणी केला नव्हता. मेंढपाळाच्या हाका असतात. पाण्यावर न्यायची एक, रान बदलायची दुसरी, आणि तिसरी लांडग्याची. ती वर्षानुवर्षं कुणी तोंडातून काढत नाही, उगाच काढली तर मेंढरांचा तिच्यावरचा विश्वास उडेल म्हणून. ती ऐकली की कळपाने काही विचारायचं नसतं. जाळी असो, काटे असोत, जिथून हाक आली तिथे धावायचं आणि हाक मारणाऱ्याच्या पायाशी घट्ट जमा व्हायचं.

अप्पारावांनी छाती भरून घेतली आणि ती तिसरी हाक मारली.

"हाऽऽऽ हुर्र्र, हुर्र्र, हा हा हा हाऽऽऽ."

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. हातातल्या दांडीचं बटण दाबायचं असतं हे ते केव्हाच विसरले होते. त्यांनी दांडीची वायर धरली आणि दांडी गोफणीसारखी डोक्याभोवती फिरवायला सुरुवात केली. पहिल्या फेऱ्यात सगळे खाली बसले. दुसऱ्या फेऱ्यात दांडी आठवीतल्या बालाजीच्या ज्वालामुखीला लागली. हा ज्वालामुखी गेले तीन दिवस काही केल्या फुटत नव्हता, बालाजी सोडा टाकून टाकून थकला होता. तो आता फुटला. बालाजीने टाळ्या वाजवल्या.

मग जमीन वाजायला लागली.

सगळ्यांना आधी वाटलं हेही टोपातूनच येतंय. पण खिडकीजवळचे हणमंतराव पांढरे पडले. त्यांच्या रानातली जाळी आडवी झाली होती आणि एकशे दहा मेंढरं, पुढे फौजदार, शाळेच्या दिशेने निघाली होती. फाटक उघडं होतं. दरवाजा उघडा होता. आणि नसता तरी फौजदार होताच.

दोन मिनिटांत शाळेच्या हॉलमध्ये इतकी लोकर झाली की माणसं भिंतीला चित्रांसारखी चिकटली. मेंढरं शिकवल्याप्रमाणे अप्पारावांच्या पायाशी घट्ट जमली. त्यांच्या मागून हातात काठी, तोंडात भाकरीचा घास अशी बाणूबाई आत आली. नवऱ्याची ती हाक तिने चार वर्षांनी ऐकली होती.

"लांडगा कुठाय?" तिने वीरभद्रप्पा सरांना विचारलं.

सरांनी मुकाट्याने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. बाणूबाईने कॉम्प्युटरकडे बघितलं, टोपातल्या नवऱ्याकडे बघितलं आणि आधी घास गिळून घेतला, कारण पुढचं बोलायला तोंड रिकामं लागणार होतं.

पण त्याआधी अप्पारावच बोलले. टोपाच्या आत त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आवाज मात्र ओला झाला होता.

"रेणे, ही तर मांडीला लागायलीत गं. ऊब लागायली. वास बी येयलाय." ते थांबले. "सिद्धरामाला मी रिकामटेकडा म्हनलो. एवढं मोठं काम करतंय पोरगं."

रेणूने टोप काढायला हात पुढे केला आणि मागे घेतला. सांगावं तर बापाच्या तोंडून पहिल्यांदा निघालेलं कौतुक हवेत विरेल. न सांगावं तर मेंढरं आहेतच. तिने ठरवलं की बापाला अजून तीन श्वास हे सुख घेऊ द्यावं. ती मनात मोजायला लागली.

ते तीन श्वास महागात पडले. मेंढरांना हॉलमध्ये तुरीचा वास लागला. पहिली बरणी कुणी पाडली ते कळलं नाही, दुसरी पहिलीच्या आवाजाने दचकलेल्या मेंढीने पाडली. हळद लावलेली तूर फरशीवर पसरली आणि गावाचं तीन दिवसांचं मत दीड मिनिटात फस्त झालं. वीरभद्रप्पा सर बाकावर उभे राहून दोन्ही हातांनी थांबा थांबा करत होते. मेंढरं वर बघून पिवळ्या तोंडांनी चघळत होती. पुरावा होता, पण परत घेता येण्यासारखा नव्हता.

फौजदार यात नव्हता. त्याला तुरीपेक्षा टेबलं आवडायची. त्याने अंजूच्या टेबलाला धडक दिली. टेबलावर कार्ड होतं, कार्डाखाली अंजूने नुकताच ताजा डिंक लावला होता. फौजदाराने डोकं वर काढलं तेव्हा कार्ड त्याच्या कपाळावर, दोन शिंगांच्या मध्ये, नीट सरळ चिकटलेलं होतं.

नेमके तेव्हाच परीक्षक काशप्पा सर जीपमधून उतरून दारात आले. हातात फाईल, गळ्यात मफलर. त्यांनी आधी मेंढरं बघितली, मग बाकावरचे मुख्याध्यापक, मग टोप घातलेला मेंढपाळ, मग अजून फेसाळणारा ज्वालामुखी.

"वीरभद्रप्पा," ते म्हणाले, "हा कोणता विषय?"

"पशुसंवर्धन, सर," वीरभद्रप्पा सर बाकावरून म्हणाले.

रेणूचा तिसरा श्वास संपला होता. तिने बापाच्या डोक्यावरचा टोप काढला. अप्पारावांनी डोळे मिचकावले, खाली बघितलं, पुन्हा टोपाकडे बघितलं.

"टोप काढला तरी जाईनात की ही."

"ती आपली हायत," बाणूबाई म्हणाली. तिचं तोंड आता रिकामं होतं. "लांडगा काचंत, हाक घरात, आन् मेंढरं शाळेत. पोरगं वेडं म्हनून हैदराबादला गेलं का बाप वेडा म्हनून गेलं, तेच कळंना मला." यापुढचं ती जे बोलली ते मुलांच्या विज्ञान प्रदर्शनात बसणारं नव्हतं.

अंजू एव्हाना रडकुंडीला आली होती. बरणी रिकामी, टेबल उलटं, आणि कार्ड अशा जागी की जिथे हात घालायची गावात कुणाची छाती नव्हती. कार्ड शाबूत तरी आहे का हे जवळ न जाता बघावं म्हणून तिने फोन उचलून फौजदाराकडे धरला. आणि रडता रडता थांबली.

फोनात फौजदाराच्या कपाळावर वाघ उभा होता. फौजदार हणमंतरावांच्या दुकानाची दिनदर्शिका शांतपणे खात होता. तो मान हलवी तसा वाघ हले. तो खाली वाकला की वाघ वाके. वाघाने जांभई दिली, फौजदाराने एप्रिल महिना संपवला.

आधी बालाजी हसला, मग त्याच्या खांद्यावरून बघणारी निलम्मा, मग बाकावरून उतरून वीरभद्रप्पा सर. काशप्पा सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. फोन या हातातून त्या हातात फिरत शेवटी अप्पारावांच्या हाती आला. त्यांनी बराच वेळ बघितलं.

वीरभद्रप्पा सरांनी घसा खाकरला. सर्व मतं मेंढरांनी खाल्ली आहेत, सबब निकाल लावणं शक्य नाही, असं ते जाहीर करणार होते. तेवढ्यात बाणूबाईने नवऱ्याच्या मुठीकडे बोट दाखवलं.

इतकं सगळं झालं तरी अप्पारावांची डावी मूठ मिटलेलीच होती. ती त्यांनी उघडली. तळहातावर एक पिवळा दाणा. गावात उरलेलं एकमेव मत.

हॉलमध्ये फक्त चघळण्याचा आवाज राहिला. रेणूने बापाकडे बघितलं नाही, ती बरणीकडे बघत राहिली. आताच तर म्हणाले होते, मोठं काम करतंय पोरगं. आता तर बिदरचा माइक एका दाण्याएवढा जवळ होता.

"टोप लई मोठी चीज हाय," अप्पाराव म्हणाले. "मला उचलून दुसऱ्या माळावर नेऊन ठेवलं. खोटं कामून बोलू. पन तिथं हुबा असताना हितली माझी मेंढरं अंगावर आली तरी मला दिसली न्हाईत. हिच्या फोनात वाघ बी दिसतो आणि माझा फौजदार बी दिसतो. राखनाऱ्याला दोनी दिसाय पायजे."

आणि त्यांनी दाणा अंजूच्या बरणीत टाकला. रिकाम्या बरणीत तो टप् करून वाजला.

 रेणूने खाली बसून टोपाची वायर गुंडाळायला घेतली. सहसा वायर चार वेढ्यांत गुंडाळून होते. तिने ती फार बारीक वेढ्यांनी गुंडाळली.

काशप्पा सरांनी फाईल उघडली. कागदावरचा वाघ त्यांनी या महिन्यात तीन शाळांत पाहिला आहे, त्यात नवीन काही नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. अंजूचा चेहरा उतरला. पण जिवंत एडक्याच्या कपाळावरचा वाघ त्यांनी नोकरीत प्रथमच पाहिला. तेव्हा हाच प्रयोग बिदरला आणावा, अगदी असाच, एडक्यासकट. अंजूचा चेहरा उजळला, आणि फौजदाराकडे बघून पुन्हा उतरला.

हणमंतराव पुढे झाले. दोराने बांधून नेऊ, त्यात काय, म्हणाले. त्यांनी एका शिंगाला हात लावला. पुढच्या क्षणी ते ज्वालामुखीत बसलेले होते.

मग सगळ्यांच्या माना एकेक करून रेणूकडे वळल्या.

वायर गुंडाळून झाली होती. रेणूने ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली. जून महिन्यातली रेणू असती तर लगेच उठून फौजदाराला घेऊन आली असती.

"रेणे," अंजू म्हणाली. तीन आठवड्यांत प्रथमच, सरांना मध्ये न घेता.

"काय?"

"तुझ्याबिगर येतो का गं त्यो?"

"न्हाई येत."

"मग तू बी चल की."

"नुसती दोर धरून न्हाई येणार मी," रेणू वायरकडे बघत म्हणाली. "टोप बी येईल. कागदावर नाव दोघींचं. आणि माइकवर मी बोलणार."

"सगळंच तू बोलशील व्हय?"

"वाघाचं तू बोल. एडक्याचं आणि टोपाचं मी."

अंजूने हिशेब केला, त्यात आपल्याला एक तृतीयांशच येतंय हे तिच्या लक्षात आलं. पण तिने फौजदाराकडे बघितलं आणि मान हलवली. रेणू उठली, जीभ टाळ्याला लावून टक् केलं, आणि फौजदार एप्रिलपर्यंतचं वर्ष पोटात घेऊन निमूट तिच्या मागे चालू लागला. काशप्पा सरांनी फॉर्मवर दोघींची नावं लिहिली आणि सहभागी विद्यार्थ्यांच्या तिसऱ्या रकान्यात थोडा विचार करून 'फौजदार' असं लिहिलं.

सोमवारी सकाळी शाळेपुढे टेम्पो उभा राहिला. कॉम्प्युटर चढला, गोधडीत गुंडाळलेला टोप चढला, गवताचा भारा चढला, अंजू चढली, फौजदाराला रेणूने चढवलं. हणमंतराव पाच पावलं लांबून पोरीला सूचना देत होते. बाणूबाईने डबा दिला आणि सांगितलं की बिदरला कुणाच्या बापाला टोप घालू देऊ नको.

अप्पाराव मागे उभे होते. आज घोंगडी स्वच्छ, रुमाल धुतलेला, हातात काठी. त्यांनी फौजदाराचा दोर तपासला. गवताचा भारा दाबून बघितला. मग पुन्हा दोर तपासला. 

"रेणे," शेवटी ते हळूच म्हणाले. "त्या दिवशी टोप तू मधीच काढलास."

"व्हय अप्पा."

"लांडगे तर अजून आलेलेच होते. मग ती आतली चाळीस मेंढरं... त्यायला कोन बघायलंय आता?"

रेणूने तोंड उघडलं. मशीन बंद आहे, आत काही नसतं, वीज गेली की माळही जातो आणि लांडगेही, हे सगळं ती शंभर जणांना सांगून चुकली होती. पण बापाच्या चेहऱ्याकडे बघून तिला ते सांगता येईना.

"कोनी न्हाई, अप्पा," ती म्हणाली.

अप्पारावांनी मान हलवली, जणू हेच ऐकायची भीती होती. "त्यात ते एक लंगडं," ते स्वतःशीच पुटपुटले.

ड्रायव्हरने टेम्पो सुरू केला. बाणूबाई रानाकडे वळली, तिने नवऱ्याला हाक मारली. मेंढरं सोडायची वेळ झाली होती, हितल्या एकशे नऊ जणांचं कोण बघणार म्हणून.

मागून उत्तर आलं नाही म्हणून तिने वळून बघितलं. अप्पाराव टेम्पोत चढून बसले होते, काठी आडवी ठेवून, टोप मांडीवर घट्ट धरून.